कोंड्याचा औषधी शाम्पू केसगळतीवर किती उपयोगी?

प्रश्न : माझं वय २९. दोन वर्षांपासून कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतले आणि मागे भोवऱ्यापाशी असलेले केस विरळ होत चाललेत. शिवाय चिकट, पिवळसर कोंडा आणि खाज आहे. मित्राच्या सांगण्यावरून २ टक्के कीटोकोनाझोल या बुरशीनाशक औषधाचा शाम्पू आणला. महिनाभर रोज लावतोय, अर्धा अर्धा तास डोक्यावर ठेवतोय. कोंडा कमी झाला, पण केस राठ झाले, टाळूची आग होते आणि न्हाणीच्या जाळीवर केसांचा पुंजका आधीपेक्षा मोठा दिसतो. या शाम्पूमुळेच केस गळतायत का? बंद करू की चालू ठेवू? सोबत केस वाढवण्यासाठी टाळूवर लावायचं मिनॉक्सिडिल हे औषध लावलं तर चालेल का? माझ्या बहिणीचा भांगही रुंद होतोय, तिनंही हाच शाम्पू वापरावा का?

उत्तर : शाम्पू योग्य आहे, वापरण्याची पद्धत चुकली आहे. आज लगेच एवढं करा : हा शाम्पू दहा ते पंधरा दिवस पूर्ण थांबवा. तोवर सौम्य साध्या शाम्पूनं, कोमट पाण्यानं डोकं धुवा. टाळूची आग पूर्ण शमली की पुन्हा सुरू करा, पण खाली सांगितलेल्या पद्धतीनं. टाळू लाल झालेली असताना त्यावर मिनॉक्सिडिल किंवा दुसरं कुठलंही औषध चढवू नका.

तुमच्या डोक्यावर एकाच वेळी दोन वेगळ्या गोष्टी चालू आहेत असं पत्रावरून दिसतं आणि त्या वेगळ्या ओळखल्याशिवाय उपाय नीट बसणार नाही.

पहिली गोष्ट चिकट कोंड्याची. वैद्यकीय भाषेत हा सेबोरिक डर्मटायटिस. मलासेझिया नावाची बुरशी प्रत्येकाच्याच टाळूवर असते. टाळूतून पाझरणाऱ्या तेलावर ती जगते. त्या तेलाचं विघटन करताना ओलेइक आम्लासारखी द्रव्यं तयार होतात. काहींच्या त्वचेला ती सोसत नाहीत. मग त्वचा लाल होते, पेशी भराभर सुटतात, खपल्या पडतात, खाज सुटते. केसाच्या मुळाभोवती अशी सूज महिनोन्‌महिने राहिली की केस वाढीच्या अवस्थेतून लवकर बाहेर पडतात आणि जास्त गळतात. नखांनी खाजवल्यानं तुटतात ते वेगळेच. कीटोकोनाझोल या बुरशीच्या पेशीचं आवरण कमकुवत करतं, शिवाय सूजही थोडी कमी करतं. या भागावर तुमचा शाम्पू नेमकं काम करतो, आणि तुमचा कोंडा कमी झाला तो त्यामुळेच.

दुसरी गोष्ट कपाळाचे कोपरे आणि भोवरा. या ठिकाणचे केस विरळ होणं, आणि कानामागचे व मानेवरचे शाबूत राहणं, हा पुरुषांमधल्या आनुवंशिक टक्कल पडण्याचा नेहमीचा नमुना आहे. यात डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन या संप्रेरकामुळे केसाचं मूळ दरवेळी थोडं लहान होत जातं. नवा केस आधीच्यापेक्षा बारीक आणि आखूड येतो. इथे बुरशी मुख्य आरोपी नाही. म्हणून एकट्या बुरशीनाशक शाम्पूनं हे थांबेल अशी अपेक्षा ठेवू नका.

मग केसगळतीवर या शाम्पूचं नाव का घेतात? त्यामागे आधार आहे, पण मर्यादित. १९९८ साली बेल्जियममधल्या संशोधकांनी टक्कल पडत असलेल्या पुरुषांमध्ये २ टक्के कीटोकोनाझोल शाम्पूची तुलना साध्या शाम्पूशी आणि मिनॉक्सिडिलशी केली. औषधी शाम्पू वापरणाऱ्यांत केसांची दाटी, जाडी आणि वाढीच्या अवस्थेतल्या मुळांचं प्रमाण सुधारलेलं दिसलं. पण त्या अभ्यासातले पुरुष फार थोडे होते. २००२ मध्ये त्याच गटानं कोंडा आणि केसगळती दोन्ही असलेल्या १५० पुरुषांना सहा महिने कोंड्यावरच्या तीन औषधी शाम्पूंपैकी एक दिला : १ टक्का कीटोकोनाझोल, १ टक्का पिरॉक्टोन ओलामाइन किंवा १ टक्का झिंक पायरिथिऑन. आठवड्याला दोन-तीन वेळा धुणं, एवढंच. तिन्ही गटांत केस गळणं कमी झालं. आमच्या मते या दुसऱ्या अभ्यासातली गोष्ट जास्त महत्त्वाची आहे : टाळूवरचा कोंडा आणि सूज आटोक्यात आली की गळती कमी होते, मग औषध यांपैकी कुठलंही असो. कीटोकोनाझोल मुळांपाशी पुरुष संप्रेरकांचा परिणामही थोडा अडवत असावं असा एक तर्क आहे. तो सिद्ध झालेला नाही. टक्कल पडण्यावरचं औषध म्हणून या शाम्पूला मान्यता नाही. मान्यता आहे ती कोंडा, सेबोरिक डर्मटायटिस आणि अंगावरच्या शिब्यासाठी.

आता तुमचा मुख्य प्रश्न : गळती वाढली ती शाम्पूमुळे का? हे घरी बघता येतं. जाळीवरचे दहा-बारा केस उचला आणि काळ्या किंवा गडद कागदावर एकेक पसरून ठेवा. केसाच्या एका टोकाला टाचणीच्या डोक्यापेक्षा लहान, पांढरट गाठ दिसते का पाहा. गाठ असेल तर तो केस मुळातून, आपली वेळ संपल्यावर सुटलेला आहे. असा केस सुटण्याआधी साधारण तीन महिने विश्रांतीच्या अवस्थेत असतो. शाम्पू चोळताना तो फक्त बाहेर पडला. गाठ नसेल आणि टोक फाटलेलं किंवा खरबरीत असेल, तर केस मधेच तुटलाय. रोज अर्धा तास औषधी शाम्पू ठेवल्यानं केस कोरडे होऊन तुटतात, आणि तुमचे केस राठ झालेत म्हणता त्यावरून तुटलेले बरेच असतील असा आमचा अंदाज आहे. त्याच कागदावर आणखी एक गोष्ट दिसेल. गाठ असलेल्या केसांपैकी काही इतरांपेक्षा खूपच बारीक आणि आखूड असतील तर ती आनुवंशिक टकलाची खूण समजा.

पुंजक्याच्या आकारावरून मात्र घाबरू नका. दिवसाला ५० ते १०० केस गळणं सर्वसाधारण आहे. जो चार दिवसांनी डोकं धुतो त्याला चार दिवसांचे केस एकदम दिसतात. मोजायचंच असेल तर असं मोजा : डोकं धुण्याआधी, केस कोरडे असताना, उशीवर फिकट रंगाचं कापड टाकून त्यावर वाका आणि घड्याळ लावून ६० सेकंद मागून पुढे कंगवा फिरवा. कापडावरचे आणि कंगव्यातले केस मोजा. लागोपाठच्या तीन धुण्यांच्या वेळी हे करून सरासरी काढा. महिन्यानं पुन्हा तसंच. दुसऱ्याच्या आकड्याशी नव्हे, स्वतःच्याच मागच्या आकड्याशी ताडून बघा. सोबत दर महिन्याला कोरड्या केसांचे तीन फोटो काढा : समोरून, वरून, भोवऱ्याचा. तीच खोली, तोच दिवा. ओल्या केसांत टाळू नेहमीच जास्त दिसते, त्यामुळे एक फोटो ओल्या केसांचा आणि एक कोरड्यांचा असं केलंत तर काहीच कळणार नाही.

अर्धा तास ठेवल्यानं गुण दुप्पट येत नाही, याचं कारण समजून घ्या. कीटोकोनाझोल त्वचेच्या वरच्या थरातल्या केराटिन या प्रथिनाला चिकटतं आणि धुतल्यावरही तिथे काही प्रमाणात टिकतं. त्याला लागतात तीन ते पाच मिनिटं. त्यापुढचा सगळा वेळ टाळूवर काम करत राहतात ती शाम्पूतली फेस आणणारी द्रव्यं. ती मळ आणि तेल काढण्यासाठी असतात. जास्त वेळ राहिली की त्वचेचं स्वतःचं संरक्षक तेलही ओढून नेतात. तुमची आग बहुधा तिथूनच आली आहे. तीच गत रोज लावण्याची.

बाटलीवरचं लेबल आधी वाचा. फक्त कीटोकोनाझोल आहे का, किती टक्के आहे, सोबत झिंक पायरिथिऑन आहे का? दोन्ही एकत्र असलेली बाटली चालते, फक्त संवेदनशील टाळूला ती जास्त कोरडी पडू शकते. १ टक्क्याचा शाम्पू सौम्य कोंड्याला पुरतो. तुमच्यासारख्या चिकट, पिवळसर कोंड्याला २ टक्के ठीक. कोंड्याच्या नावानं विकले जाणारे बरेच शाम्पू बुरशीनाशक नसतातच, म्हणून घटकांची यादी पाहिल्याशिवाय घेऊ नका.

टाळू शांत झाल्यावर असं लावा. डोक्याला तेल किंवा जेल लावलेलं असेल तर आधी साध्या शाम्पूनं धुऊन काढा, नाहीतर औषध तेलाच्या थरावरच राहतं आणि त्वचेपर्यंत पोचत नाही. हा टप्पा लोक सर्रास गाळतात आणि मग शाम्पूला गुण नाही म्हणतात. केस पूर्ण ओले असू द्या. आखूड केसांना ५ मिलि, म्हणजे एक चहाचा चमचा, पुरतो. लांब, दाट केसांना १० मिलिपर्यंत. सगळा एका जागी ओतू नका. बोटांनी चार-पाच ठिकाणी भांग पाडा आणि प्रत्येक भांगेत थोडा थोडा थेट त्वचेवर लावा. कपाळाची कड, कानामागचा भाग आणि मानेवरची केसांची रेघ विसरू नका, खपल्या तिथेच लपून राहतात. बोटांच्या पेरांनी, नखं न लावता, मिनिटभर हलक्या हातानं चोळा. मग घड्याळ लावा आणि पाच मिनिटं थांबा. पहिल्या एक-दोन वेळा तीनच मिनिटं. डोळे मिटून कोमट पाण्यानं भरपूर धुवा, निदान दीड-दोन मिनिटं. कढत पाणी नको, त्यानं खाज वाढते. डोळ्यात गेलंच तर लगेच साध्या पाण्यानं धुऊन काढा. केस राठ होत असतील तर कंडिशनर लावा, पण तो फक्त लांबीवर आणि टोकांना, टाळूवर नको. पुसताना टॉवेलनं खसाखसा घासू नका, दाबून पाणी टिपा. भुवया, मिशी, दाढी किंवा नाकाच्या बाजूच्या घड्यांतही खपल्या येत असतील तर तिथेही हाच फेस डोळे सांभाळून दोन-तीन मिनिटं ठेवून धुता येतो. हा आजार बऱ्याचदा तिथेही पसरलेला असतो आणि तिकडे दुर्लक्ष होतं.

पहिला आठवडा एकदाच लावा. आग झाली नाही तर पुढचे चार आठवडे आठवड्यातून दोनदा, मधे निदान दोन दिवस सोडून. सोमवार-गुरुवार असं ठरवून टाकलं की विसरत नाही. बाकी दिवशी गरज वाटली तर सौम्य शाम्पू. कोंडा गेला की आठवड्यातून किंवा पंधरवड्यातून एकदा, आणि हे थांबवायचं नाही. लोक कोंडा गेला की बाटली फडताळात ठेवून देतात. बुरशी कायमची जात नसते, त्यामुळे काही आठवड्यांत कोंडा परत येतो. चार आठवडे नीट वापरूनही फरक नसेल तर सॅलिसिलिक आम्लाचा किंवा सिक्लोपिरॉक्स या दुसऱ्या बुरशीनाशकाचा शाम्पू असे पर्याय आहेत. ते त्वचारोगतज्ज्ञाला विचारून. जाड, चंदेरी खपल्या असतील तर तो सोरायसिसही असू शकतो.

तेलाबद्दल थोडं, कारण कोंड्याला टाळू कोरडी पडल्याचं समजून बरेच जण तेल वाढवतात. मलासेझियाला स्वतःची चरबी बनवता येत नाही, ती बाहेरच्या तेलातली मेदाम्लं वापरते. चिकट कोंडा असताना तेल रात्रभर टाळूवर ठेवणं म्हणजे तिला खाऊ घालणं. केस राठ वाटत असतील तर धुण्याआधी तासभर थोडं तेल फक्त टोकांना लावा.

शाम्पूचे दुष्परिणाम सहसा सौम्य असतात : कोरडेपणा किंवा उलट तेलकटपणा, केसांचा पोत बदलणं, किंचित जळजळ. पांढऱ्या, रंगवलेल्या किंवा रासायनिक प्रक्रिया केलेल्या केसांचा रंग बदलू शकतो. चेहरा किंवा पापण्या सुजल्या, पुरळ किंवा फोड आले, तर ती ॲलर्जी. मग पुन्हा कधीच लावू नका. शरीरात औषध जाण्याची काळजी करू नका. आठवड्यातून ४ ते १० वेळा असा वापर सहा महिने करणाऱ्या ३९ रुग्णांच्या रक्तात कीटोकोनाझोल सापडलं नव्हतं. गोळ्यांची गोष्ट अगदी निराळी आहे. केसांसाठी कीटोकोनाझोलच्या गोळ्या कुणी सुचवल्या तर स्पष्ट नकार द्या. यकृताला गंभीर इजा होण्याच्या धोक्यामुळे २०१३ मध्ये युरोपच्या औषध नियामकांनी या गोळ्या बाजारातून थांबवायची शिफारस केली आणि अमेरिकेनं त्यांच्या वापरावर कडक मर्यादा आणल्या. आणखी एक सूचना : कोंड्यासाठी आधी बराच काळ स्टेरॉइडचं लोशन लावत असाल तर ते एकदम सोडू नका. शाम्पू सुरू करून दोन-तीन आठवड्यांत हळूहळू कमी करा, नाहीतर खाज उसळून येते आणि दोष शाम्पूवर जातो.

मिनॉक्सिडिल आणि हा शाम्पू सोबत चालतात. कोपरे आणि भोवरा यांच्यासाठी खरं काम मिनॉक्सिडिलच करेल. पण ते लालसर, सोललेल्या टाळूवर लावलं तर आग वाढते आणि औषध अंगात जास्त भिनतं, म्हणून आधी टाळू बरी होऊ द्या. मग ५ टक्क्यांचं १ मिलि दिवसातून दोनदा, पूर्ण कोरड्या टाळूवर. डोकं धुतलं असेल तर केस वाळल्यावरच. लावल्यानंतर चार तास डोकं ओलं करू नका आणि हात साबणानं धुवा. द्रावणातलं प्रॉपिलीन ग्लायकॉल काहींच्या टाळूला खाज आणतं. तसं झालं तर फोम घ्या, बहुतेक फोममध्ये ते नसतं. घरात मांजर असेल तर ओल्या डोक्यानं तिला जवळ घेऊ नका आणि बाटली तिच्यापासून लांब ठेवा, मिनॉक्सिडिल मांजरांना जीवघेणं ठरू शकतं. सुरुवातीच्या काही आठवड्यांत गळती वाढू शकते, कारण विश्रांतीतले केस नव्या केसांना जागा देतात. इथेच बरेच जण औषध सोडून देतात. तुम्ही सोडू नका. फरक चार ते सहा महिन्यांनी दिसतो आणि औषध बंद केलं की काही महिन्यांत मिळालेले केसही जातात. रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा. शाम्पू आणि मिनॉक्सिडिल एकाच दिवशी सुरू करू नका. महिन्याभराचं अंतर ठेवा, म्हणजे त्रास झाला तर कशानं झाला ते कळेल.

फिनॅस्टराइडची १ मिग्रॅची गोळी हा पुरुषांसाठीचा दुसरा सिद्ध उपाय. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानंच, कारण काहींमध्ये लैंगिक इच्छा कमी होणं, ताठरपणाच्या अडचणी, उदासपणा असे परिणाम दिसतात. दोन वर्षांपासून विरळपणा वाढतोय म्हणता, तर ही भेट लांबवू नका. आनुवंशिक टकलात उरलेले केस टिकवणं सोपं असतं, गेलेले परत आणणं अवघड.

काही लक्षणांत शाम्पूवर वेळ घालवायचाच नसतो. नाण्याएवढा गुळगुळीत चट्टा, म्हणजे चाई. चकचकीत, व्रणासारखी त्वचा जिथे केसांची छिद्रंच दिसत नाहीत. पू, दुखरी मऊ सूज. लहान मुलाच्या डोक्यावर खपल्यांचा गोल चट्टा आणि त्यात तुटलेल्या केसांचे काळे ठिपके. हे शेवटचं म्हणजे डोक्यावरचा नायटा. ही बुरशी केसाच्या आत शिरलेली असते, त्यामुळे त्याला पोटातून गोळ्याच लागतात. शाम्पू तिथे फक्त इतरांना होणारा संसर्ग कमी करण्यासाठी. अशा वेळी सरळ त्वचारोगतज्ज्ञाकडे जा.

आता बहिणीबद्दल. तुमची बाटली तिच्या हाती देऊ नका. भांग रुंद होण्याची कारणं बायकांमध्ये वेगळी आणि बरीच असतात. तिला आधी विचारा : दोन-तीन महिन्यांपूर्वी मोठा ताप, शस्त्रक्रिया, बाळंतपण किंवा झपाट्यानं वजन कमी होणं असं काही घडलं का? तसं असेल तर ही गळती बहुतेक वेळा सहा महिन्यांत आपोआप ओसरते. नसेल तर हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) या तीन रक्ततपासण्या करून घ्या. पाळी अनियमित असेल, हनुवटीवर केस येत असतील, तर संप्रेरकांची तपासणीही लागेल. घट्ट अंबाडा किंवा ओढून बांधलेली वेणी रोजची असेल तर ती सैल करायला सांगा. तिला कोंडा आणि खाज असेल तरच हा शाम्पू, १० मिलि, फक्त टाळूवर, आठवड्यातून दोनदा. केस रंगवलेले असतील तर आधी कानामागच्या एका बटेवर लावून पाहू द्या. गरोदर असेल किंवा बाळाला पाजत असेल तर मिनॉक्सिडिल अजिबात नको, शाम्पूही डॉक्टरांना विचारूनच. तुम्ही फिनॅस्टराइड सुरू केलंत तर तिनं गरोदरपणात तुटलेल्या किंवा चुरा झालेल्या गोळ्यांना हात लावू नये, हेही तिला आत्ताच सांगून ठेवा.